कमान गल्लीची मुकी फेरी

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता अर्पितानं सहा जणांच्या चपला एका पोत्यात भरल्या, सहा जणांचे मोबाइल बंद करून आपल्या झोळीत टाकले आणि सहा जणांच्या तोंडाला कुलूप घातलं. सहा जणांत ती स्वतःही होती, पण भाषणाचा हक्क तिनं शेवटासाठी राखून ठेवला होता.

"आधी डोळ्यांनी बघायचं, मग पायांनी बघायचं. तोंड उघडायचं ते कमानीपाशी पोचल्यावरच," ती म्हणाली. "इथल्या फरशीचा दगड शेकडो वर्षांचा आहे. चपलेतून तो कळत नाही."

"म्हंजे कुणी काय इचारलं तरी गपच ऱ्हायचं का, मॅडम?" उत्कर्षनं विचारलं. तो तिचा विद्यार्थी, आणि गप राहणं हे त्याच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हतं.

"गपच. आणि मागं वळून बघायचं नाही. मागं वळलं की समोरचं सुटतं."

अर्पिता मूळची कळंबची. दोन वर्षांपूर्वी नळदुर्गला कॉलेजात इतिहास शिकवायला आली आणि पहिल्याच आठवड्यात ह्या कमान गल्लीनं तिला वेड लावलं. सोलापूरकडून येणारे लोक किल्ला बघतात, हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खातात आणि परत जातात. गल्लीकडे कुणी वळत नाही. वळून बघण्यासारखं तिथं काही आहे असं गल्लीवाल्यांनाही वाटत नव्हतं. अर्पिताला मात्र रोज काहीतरी नवं सापडायचं. एका घराच्या भिंतीत माणसाच्या हाताला न पोचणारी लोखंडी कडी होती. उंट बांधायची असेल का, ह्या विचारानं तिला दोन रात्री झोप लागली नाही. एका न्हाणीतला दगड उलटा केला तर खालून फारसी अक्षरं निघाली. "धुनं लई निर्मळ निघतंय त्येच्यावर," एवढीच त्या दगडाची माहिती घरमालकिणीनं दिली.

गल्लीच्या टोकाला दगडी कमान होती आणि ह्या पावसाळ्यात तिला बोट जाईल एवढी भेग पडली होती. दुरुस्तीसाठी एका योजनेतून मदत मिळणार होती. अट एकच, की कमानीच्या जागेच्या दोन्ही मालकांनी एकाच कागदावर संमतीची सही करायची. मुदत सोमवारी सकाळी दहापर्यंत. तो कागद गेला नाही, तर पुढच्या पावसाळ्यात कमान खाली येणार हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

मालक म्हणजे दोन सख्खे भाऊ. थोरले बब्रुवानकाका, वय चौऱ्याऐंशी, कमानीला लागून राहणारे. धाकटे कोंडीरामकाका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तामलवाडीला शेतात घर बांधून राहिलेले. दसऱ्याला कमानीला तोरण बांधायचा मान कुणाचा, ह्यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं. त्या दसऱ्याला कमानीला दोन तोरणं लागली आणि त्या दिवसापासून भावाभावांत एक शब्द झाला नाही. बब्रुवानकाकांनी कागदावर सही करून दिली होती. कोंडीरामकाकांकडे अर्पिता तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या आणि सांगितलं, "मॅडम, तुमी मला लेकीसारख्या. पर ज्या कागदावर त्येचं नाव, त्या कागदावर माझं न्हाय."

म्हणून ही फेरी. गल्लीतल्या लोकांना त्यांचीच गल्ली पायी फिरवून दाखवायची, शेवटी सगळ्यांत वडीलधारे म्हणून बब्रुवानकाकांचा सत्कार करायचा, आणि लोकांची मनं भिजली की त्यातलीच चार शहाणी माणसं दुपारी तामलवाडीला न्यायची, असा तिचा बेत होता. शनिवारी संध्याकाळी तिनं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बब्रुवानकाकांचा फोटो टाकून खाली निमंत्रण लिहिलं. निमंत्रण लांबलचक होतं, म्हणून ते कुणी वाचलं नाही. फोटो मात्र सगळ्यांनी बघितला.

गल्लीतलं एकही माणूस आलं नाही. आले ते श्रमदानाचे पांढरे टी-शर्ट घातलेले चार विद्यार्थी आणि पांढरं धोतर, पांढरी टोपी घातलेले निवृत्त बजरंग गुरुजी. गुरुजींच्या हातात सत्काराचं ताट होतं. त्यात हार, शाल आणि नारळ, आणि धूळ बसू नये म्हणून वरून पांढरा पंचा.

अर्पिता पुढं झाली. तिच्यामागं ताट घेतलेले गुरुजी, त्यांच्यामागं मान खाली घालून पायाखालचा दगड समजून घेणारी चार पोरं, आणि सगळेच अनवाणी.

पहिल्याच ओट्यावर तुळजाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. "गुरुजी, सकाळी सकाळी कुठं निघालाव?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी बोलणाऱ्या पोरांना पस्तीस वर्षं बाकावर उभं केलं होतं. ते स्वतः थोडंच नियम मोडणार. त्यांनी घरांच्या पत्र्यांवरून दिसणाऱ्या कमानीच्या शेंड्याकडे एक बोट वर केलं आणि नजर खाली वळवली. त्यांचा तो आव बघून उत्कर्षला हसू आवरेना. त्यानं रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. त्याचे खांदे गदगदा हलू लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तुळजाबाईंनी अनवाणी पाय बघितले. झाकलेलं ताट बघितलं. आभाळाकडं गेलेलं बोट आणि हुंदके देणारं पोरगं बघितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि चपला ओट्याखाली सारून त्या मुकाट्यानं मागं चालू लागल्या.

कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. गल्लीत तशी रीतच होती. अशा वेळी आपण विचारावं आणि समोरचा नेमका त्याच घरचा निघावा, म्हणजे आयुष्यभराचा बोल. मागं चालावं, चार पावलांत आपोआप कळतं. तुळजाबाईंच्या मागं मथुराबाई निघाल्या. तुळजाबाई विचारत नाहीत म्हणजे त्यांना माहीत आहे, असं मथुराबाईंना वाटलं. मथुराबाई पुढं चालल्यात म्हणजे आता उशीर नको, असं त्यांच्यामागच्या तिघींना वाटलं.

बलभीमच्या चहाच्या हॉटेलासमोर येईपर्यंत पंधरा माणसं झाली होती. बलभीमनं गाणं बंद केलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि गिऱ्हाइकांना हळूच म्हणाला, "कमानीकडं चाललेत."

"तिकडं तर दोनच घरं. एकाला कुलूप हाय," एक गिऱ्हाईक म्हणालं.

सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. बलभीमनं मोबाइल उघडला. ग्रुपवर कालच बब्रुवानकाकांचा फोटो आलेला. "कालच पडलं की. म्या बघून सोडून दिलं," तो हळहळला. तो फोटो त्यानं कापून घेतला, खाली हात जोडलेलं चित्र लावलं आणि पुढं धाडला. पाच मिनिटांत एक्केचाळीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. त्यातले दोघे पुण्याला होते आणि एकाला बब्रुवान कोण हेही आठवत नव्हतं. मग कर्तव्य म्हणून बलभीमनं तामलवाडीला फोन लावला. पलीकडून कोंडीरामकाकांनी काहीच विचारलं नाही. फोन तसाच चालू राहिला आणि कुणीतरी जीप काढायला ओरडल्याचं तेवढं ऐकू आलं.

इकडं अर्पिता आपल्याच नादात होती. तीनशे पावलांची गल्ली, पण ती प्रत्येक दारापाशी थांबत होती, चौकटीवरून हात फिरवत होती, उंबऱ्याची झीज बोटानं मोजत होती. दाराला अशी थबकून हात लावणारी अर्पिता बघून मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "लई माया हुती गं पोरीची त्येंच्यावर," मथुराबाई कुजबुजल्या. जुन्या आडापाशी अर्पिता काठावर ओणवी झाली आणि दोरांनी पडलेल्या खाचा निरखत राहिली. ती पुढं गेल्यावर मागच्या प्रत्येकानं आडात डोकावून घेतलं.

"पाय घसरला म्हणं," कुणीतरी म्हणालं.

"न्हाय, रातच्याला लई खोकत हुते," दुसऱ्यानं सांगितलं. दोन्ही कारणं लोकांना पटली.

अर्पितानं वही काढून टिपून घेतलं, की कमानीकडे जावं तसा गल्लीत पावलांचा आवाज वाढत जातो. दगडी बांधकामामुळं ध्वनी घुमत असावा, तज्ज्ञांना विचारणे. हा शोध आपल्याआधी कुणाला लागला नसेल, ह्या विचारानं तिला आनंद झाला.

साडेनऊ वाजून गेल्यावर ती कमानीखाली पोचली आणि बोलण्यासाठी मागं वळली. समोर शंभरेक माणसं उभी होती. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या, बायकांचे पदर तोंडाला होते, आणि सगळी जणं अनवाणी होती. दोन वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते सव्वा तासाच्या मौनानं जमलं होतं.

"मला खरंच कल्पना नव्हती, की एवढी माणसं येतील," तिचा आवाज कापत होता. "बब्रुवानकाकांनी आयुष्यभर ही कमान सांभाळली..."

पुढचं भाषण बायकांच्या गळा काढण्यात बुडालं. इतका प्रतिसाद तिला वर्गात कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात सडा घालायला पाण्याची बादली घेऊन बब्रुवानकाकांची सून शिवकन्या दारातून बाहेर आली. मथुराबाई तिच्या गळ्यातच पडल्या. "कसं गं झालं एकाएकी?"

शिवकन्येच्या हातातली बादली सुटली. सासरे आत आंघोळ करून नवं धोतर नेसत होते, नवरा कालच सोलापूरहून सुखरूप आला होता. म्हणजे रडण्याजोगं जे झालं ते माहेरीच. "माझ्या आप्पाला काय झालं?" म्हणत तिनं टाहो फोडला. सासऱ्याला सून बापाच्या जागी मानत होती, हे ऐकून सगळी गल्ली आणखी हेलावली. शिवकन्येला पाणी पाजायला चौघी धावल्या आणि दोघी घरी पळाल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नसते, पिठलं-भाकरी करून आणायला हवी होती.

बलभीम अर्पिताच्या जवळ सरकला. "मॅडम, किती वाजता उचलायचं ठरलंय?"

"काय उचलायचं?"

"काकांना."

अर्पिताला काही कळेना. मग बलभीमनं फोटो दाखवला, आणि फोटोखालच्या एक्केचाळीस श्रद्धांजल्याही दाखवल्या. अर्पिता तशीच दाराकडे धावली. दार लोटलेलं होतं. फटीतून बघते तो बब्रुवानकाका नव्या धोतरात, हातात कंगवा घेऊन दाराला कान लावून उभे.

"काका, बाहेर चला. लोकांना वाटतंय की तुम्ही..."

"कळलंय मला. जरा गप ऱ्हावा," काका हळू आवाजात म्हणाले. "मथुराबाई माझ्याबद्दल चांगलं बोलायलीय. चाळीस वर्सांत पयल्यांदा. तेवढं आयकू द्या."

"अहो, पण बाहेर लोक रडायला लागलेत."

"रडू द्या. म्या गेल्यावर मला कुटं आयकू येणार हाय."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. माणसं बाजूला झाली आणि मधून कोंडीरामकाका आले. डोक्याला मुंडासं नव्हतं, सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती. अकरा वर्षं ज्या उंबऱ्याकडं त्यांनी बघितलं नव्हतं, त्याच्यावर त्यांनी डोकं टेकलं.

"दादा," ते म्हणाले. "दादा, म्या चुकलो. तोरणाचा मान तुजाच हुता. थोरला तू. मला ठाऊक हुतं रे. पर एकदा तोंडातनं गेलं, ते माघारी कसं घ्यायचं? दर दसऱ्याला वाटायचं, जावं. जीपबी काढायचो. तुळजापुरापस्तोर यायचो आन् माघारी फिरायचो."

फटीपलीकडं कंगवा खाली पडल्याचा बारीक आवाज झाला. तो फक्त अर्पितानं ऐकला.

कोंडीरामकाकांनी डोळे पुसले आणि अर्पिताकडं बघून हात पुढं केला. "मॅडम, तो कागद आना. त्येची लई इच्छा हुती. म्या आत्ता सही करतो."

कागद झोळीतच होता. उद्या दहा वाजता मुदत संपत होती, आणि कोंडीरामकाकांच्या खिशाला पेन होतं. अर्पितानं कागद बाहेर काढला खरा, पण दिला नाही. दोन बोटांच्या अंतरावर सही होती आणि ती घेतली असती तर ती चोरीच झाली असती. "काका, आधी माझं ऐका. तुम्हाला वाटतंय तसं काही..."

"आता आयकायला काय ऱ्हायलंय, पोरी," म्हणत कोंडीरामकाकांनी कागद ओढून घेतला, उंबऱ्यावर ठेवला आणि भरल्या डोळ्यांनी जिथं रिकामी जागा दिसली तिथं सही ठोकली. मग ते पुन्हा उंबऱ्याशी बोलू लागले. "लहानपनापास्नं तुजं सगळं केलं रे म्या. रानातल्या आंब्यावरनं तू पडलास, तवा पाटकुळी घिऊन आलो तुला. आटवतंय का?"

"म्या कदी पडलो?" आतून आवाज आला. "तू पडला हुतास. म्या आनलं तुला पाटकुळी."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मग दार उघडलं आणि बब्रुवानकाका नव्या धोतरात बाहेर आले. मथुराबाई मटकन खाली बसल्या. आपण ह्या माणसाबद्दल काय काय चांगलं बोलून बसलो, हे त्यांना एकदमच आठवलं.

"डावा पाय मुरगळला हुता तुजा," बब्रुवानकाका रागानं म्हणाले. "आईनं हळद लावली हुती. उगं मेलेल्या मानसाच्या नावावर काय बी खपवायचं व्हय?"

कोंडीरामकाका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग आनंदानं फुलला, आणि भोवतीच्या शंभर माणसांकडं लक्ष गेल्यावर लालबुंद झाला. त्यांनी भावाकडं पाठ फिरवली.

"मॅडम, ह्यांनी सांगावा धाडला का तुमी?"

"कुणीच नाही, काका. आम्ही नुसते गल्ली बघत चाललो होतो."

"गल्ली बघायला अनवाणी?"

मग कोण आधी म्हणालं ह्याचा शोध सुरू झाला. बलभीमनं मथुराबाईंकडं बोट दाखवलं, मथुराबाईंनी तुळजाबाईंकडं. "म्या काय बी म्हनले न्हाय," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्या फकस्त चालले." ते खरंच होतं. गल्लीत कुणीच काही विचारलं नव्हतं आणि कुणीच काही सांगितलं नव्हतं. गुरुजींना वाटलं आता बोलायला हरकत नाही, म्हणून त्यांनी नियमाचं पालन केल्याचं सांगितलं. ते मात्र कुणी ऐकून घेतलं नाही.

"तो कागद इकडं द्या," कोंडीरामकाका म्हणाले. "फाडून टाकतो."

अर्पितानं उंबऱ्यावरचा कागद उचलला. कमान तिच्या डोक्यावरच उभी होती, भेगेसकट. तिला रडू येत होतं, पण तिनं कागद पुढं केला. "घ्या. फसवून घेतलेली सही मला नको."

कोंडीरामकाकांनी तो दोन्ही हातांत धरला. फाडण्याआधी त्यांनी तो पहिल्यांदाच नीट बघितला, आणि त्यांचे हात थांबले. मालकांच्या सह्यांसाठी दोन रेघा होत्या, एकाखाली एक. बब्रुवानकाकांची थरथरती सही खालच्या रेघेवर होती. वरची, पहिली रेघ त्यांनी मोकळी सोडली होती, आणि आता तिच्यावर कोंडीरामांचं नाव होतं.

"मॅडम, ही वरची जागा कुणी सोडायला लावली?"

"कुणीच नाही. मला वाटलं काकांची नजर चुकली."

कोंडीरामकाका कागदाकडं बघत राहिले. बब्रुवानकाका कमानीवरच्या कबुतरांकडं बघत होते. "चाळशी घरात ऱ्हायली हुती त्या दिशी," ते कबुतरांना म्हणाले.

चाळशी त्या दिवशी त्यांच्या नाकावरच होती. अर्पिताला ते पक्कं आठवत होतं.

"हे चालायचं न्हाय," कोंडीरामकाका शेवटी म्हणाले. "मॅडम, दुसरा कागद आना. थोरल्याचं नाव वर पायजे. म्या खाली करतो सही."

"त्येला सांगा," बब्रुवानकाका अर्पिताला म्हणाले, "दुसऱ्या कागदावर म्या सही करत न्हाय."

"त्येला सांगा, धाकट्याचं नाव वर लिवलं तर लोक काय म्हन्तील."

"त्येला सांगा, लोक मला मेलेला म्हनाया लागलेत. त्येंचं काय आयकायचं?"

सांगायचं कुणाला आणि कुणी, हे अर्पिताला समजेना. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. अकरा वर्षं जे दोघं पहिल्या मानासाठी भांडले, ते आता दुसऱ्या रेघेसाठी भांडत होते, आणि ह्या भांडणाला सोमवार सकाळ पुरणार नव्हती. ती सरळ पुढं झाली, कोंडीरामकाकांच्या हातातून कागद घेतला आणि घडी घालून झोळीत टाकला.

"दुसरा कागद नाहीच. वर काय आणि खाली काय, सरकारदरबारी दोन्ही सह्या सारख्याच. मी उद्या हाच देणार," ती म्हणाली.

दोन्ही भावांनी एकदमच तिच्याकडं बघितलं. वर आणि खाली सारखंच, असं बोलणारं माणूस त्यांनी एवढ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. कोंडीरामकाकांनी मान हलवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट भावाकडं तोंड केलं.

"दादा, हिला मानातलं काय बी कळत न्हाय."

"कळंबची हाय ती," बब्रुवानकाका म्हणाले, आणि भावाला बसायला ओट्यावर जागा करून दिली.